शिवयोगी सिद्धराम : क्रोध जिंकलेला कर्मयोगी



सोन्नलिगे म्हणजे आजचे सोलापूर. इ. स. 12 व्या शतकात तेथे मुद्दगौडा व सुग्गलादेवी यांच्या पोटी सिद्धरामांचा जन्म झाला. मूल अबोल, आपल्यातच रमणारे. गुरे राखत असता एके दिवशी रानात त्यांना मल्लय्या नावाचा जंगम भेटला. त्याने दहीभात मागितला. बाळ धावत घरी गेले व दहीभात घेऊन आले, तो जंगम दिसेना. त्याला शोधीत, रडत ते थेट श्रीशैलास पोहोचले. तेथेही भेट होईना, म्हणून कड्यावरून देह टाकण्यास निघाले, तेव्हा प्रत्यक्ष मल्लिकार्जुनाने त्यांना सावरले, अशी कथा राघवांकाच्या ‘सिद्धराम चरित्र’ या कन्नड काव्यात आहे.

वाचकहो, असे उत्कट मन हे मोठे भांडवल असते; पण त्याला आवर नसेल तर तेच मन रागानेही पेटते. सिद्धरामांच्या बाबतीत हेच घडले.

सोन्नलिगेस परतून त्यांनी मल्लिकार्जुनाचे मंदिर उभारले, 68 लिंगे स्थापिली, लोकांसाठी मोठा तलाव खोदविला. हे काम चालू असता अल्लमप्रभू तेथे आले आणि त्यांनी सिद्धरामांचा उल्लेख मुद्दाम मातीकाम करणारा वड्डर असा केला. गुरूचा अपमान झाला म्हणून शिष्य दगड घेऊन धावले. शून्यसंपादनेत सांगितले आहे की, दगडांचा प्रभूंना स्पर्शही झाला नाही. मग स्वतः सिद्धराम आले आणि क्रोधाने त्यांचा तिसरा नेत्र उघडला. ती आग प्रभूंच्या पायाशी जाऊन विझली.

आता आपण विचार करा. सत्कार्य करणाऱ्याला एका शब्दाने इतका राग का यावा? कारण तलावाबरोबर ‘मी केले’ हा भावही भरत चालला होता. शब्द केवळ निमित्त झाला. प्रभूंनी रागाला रागाने उत्तर दिले नाही, म्हणून सिद्धरामांना स्वतःचे मन दिसले. ते नम्र झाले व प्रभूंबरोबर कल्याणास गेले.

तेथे आणखी एक अडसर होता. इष्टलिंग धारण करण्याची गरज त्यांना प्रथम पटेना. मोठ्या माणसाला पुन्हा शिष्य होणे जड जाते. आपणही असेच करतो. मुलीचे लग्न होऊ दे, घर बांधून होऊ दे, मग पूजेला नियमाने बसू, असे म्हणता म्हणता वर्षे जातात. बाहेरच्या कामाआड आतले काम लपते. सिद्धरामांनी मात्र शरणांशी चर्चा केली, शंका फिटताच अभिमान सोडला आणि वयाने लहान असलेल्या चन्नबसवण्णांकडून दीक्षा घेतली. पुढे शून्यपीठाचा मान त्यांना मिळाला. त्यांची समाधी सोलापुरातच, तलावातील मंदिराच्या आवारात आहे.

दरवर्षी मकरसंक्रांतीला सोलापुरात नंदीध्वजांची मिरवणूक निघते. आपण तेथे जाल तेव्हा त्या तलावाकडे जरूर पाहा. पण त्याची वाट कशाला? आज सायंकाळी इष्टलिंग तळहातावर घेतल्यावर स्वतःला एवढेच विचारा : दिवसभरात कोणत्या शब्दाने मी पेटलो, आणि त्या शब्दाने माझ्यातील कोणता ‘मी’ दुखावला? उत्तर मिळाले की ज्याच्यावर रागावलो त्याच्याशी उद्या नव्हे, आजच गोड बोलावे.