एका तुंबलेल्या अश्रुनलिकेमुळे हर्डरला गटे भेटला

जर्मन विचारवंत योहान गॉटफ्रिड हर्डरच्या एका डोळ्यातून लहानपणापासून पाणी गळायचं. डोळ्यातलं पाणी एरवी आतल्या कोपऱ्यातून अश्रुपिशवीत आणि तिथून नलिकेने नाकात उतरतं. ही नलिका बंद झाली की मोरी तुंबल्यासारखी गत होते. पाणी गालावर येतं, पिशवीत साचलेल्या पाण्यात पू होतो.

हर्डरचा जन्म १७४४ चा, पूर्व प्रशियातल्या मोरुंगेनचा. घरची गरिबी. १७६२ मध्ये रशियन सैन्याच्या एका सर्जनने त्याचा डोळा बरा करायचं आणि त्याला सर्जन बनवायचं कबूल केलं. त्याच्यासोबत हर्डर क्योनिग्जबर्गला गेला आणि पहिल्याच शवविच्छेदनाला बेशुद्ध पडला! मग त्याने धर्मशास्त्र धरलं. तिथे कांटने त्याला व्याख्यानांना फुकट बसू दिलं. डोळा मात्र तसाच राहिला.

पुढे रीगामध्ये तो शिक्षक आणि धर्मोपदेशक होता. १७७० मध्ये एका राजपुत्राचा शिक्षक म्हणून फिरत असताना स्ट्रासबर्गला त्याने नोकरी सोडली आणि शरीररचनेचे प्राध्यापक लोबश्टाइन यांच्याकडून उपचार घ्यायचं ठरवलं.

उपाय असा होता: अश्रुपिशवी खालून कापायची, मागच्या हाडाला भोक पाडून नाकात नवी वाट काढायची आणि ती बुजू नये म्हणून त्यात घोड्याचा केस घालून ठेवायचा. तेही भूल न देता, कारण ईथर वापरात यायला अजून पाऊणशे वर्षं होती. कल्पना चुकीची नव्हती. १९०४ मध्ये इटलीच्या तोतीने हाडातून वाट काढायचीच शस्त्रक्रिया मांडली आणि तिची सुधारलेली रूपं आजही केली जातात. पण हर्डरची वाट पुन्हा पुन्हा बुजत राहिली.

काही आठवड्यांचं काम सहा महिने लांबलं. या काळात कायद्याचा एक २१ वर्षांचा विद्यार्थी रोज त्याच्या खोलीवर यायचा, शस्त्रक्रियेच्या वेळीही थांबायचा. तो होता गटे. हर्डर दुखण्याने चिडचिडा झालेला, त्यात स्वभावाने टोचून बोलणारा. तरी गटे येतच राहिला. शेक्सपिअर आणि होमर कसे वाचायचे, खेड्यातल्या बायकांच्या गाण्यांत खरी कविता कशी असते, हे त्याला या खोलीत कळलं. मग त्याने अल्सासच्या खेड्यांत फिरून हर्डरसाठी लोकगीतं गोळा केली. जर्मन साहित्याचं वळण बदललं ते इथून, असं मानतात. भाषेच्या उगमावरचा आपला प्रसिद्ध निबंधही हर्डरने याच मुक्कामात लिहिला.

१७७१ च्या एप्रिलमध्ये तो बरा न होताच निघाला. पाच वर्षांनी गटेनेच खटपट करून त्याला वायमारला मोठं पद मिळवून दिलं. कालिदासाचं ‘शाकुंतल’ जर्मन भाषेत आल्यावर हर्डर त्याच्या प्रेमातच पडला. १८०३ मध्ये त्या अनुवादाच्या दुसऱ्या आवृत्तीला त्याने प्रस्तावना लिहिली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये तो वारला.