छोट्या आज्ञांचा मोठा शिल्पकार

कळव्यातला एखादा विद्यार्थी संगणकाच्या काळ्या पडद्यावर आज्ञा टंकतो, तेव्हा त्यामागे डेनिस रिची यांची साधना उभी असते. १९४१ साली न्यूयॉर्क राज्यात जन्मलेले रिची १९६७ मध्ये बेल प्रयोगशाळेत रुजू झाले. अवाढव्य 'मल्टिक्स' प्रकल्पातून संस्थेने १९६९ मध्ये अंग काढून घेतले, तेव्हा केन थॉम्पसन यांच्यासह त्यांनी सुटसुटीत 'युनिक्स' प्रणाली घडवली. एकेकच काम चोख करणारी छोटी साधने एकमेकांना जोडावीत, ही तिची रीत. रिचींच्या 'सी' भाषेत १९७३ मध्ये ती नव्याने लिहिली गेली आणि एकाच यंत्राच्या बंधनातून सुटली. १९८३ मध्ये त्यांना ट्युरिंग पुरस्कार लाभला. ऑक्टोबर २०११ मध्ये स्टीव्ह जॉब्ज यांच्यासाठी जग हळहळले. त्याच महिन्यात रिचीही गेले, ते मात्र फारसे कुणाच्या ध्यानी आले नाही. जॉब्ज यांच्या मॅक संगणकाचा पायाही युनिक्सच होता.