अमळनेरच्या छात्रालयातील साने गुरुजी

जून महिना लागला की पाली आणि सुधागड परिसरातील शाळांबरोबर वसतिगृहे व आश्रमशाळाही पुन्हा गजबजू लागतात. डोंगरातल्या वाडीवरून पत्र्याची पेटी घेऊन आलेले मूल पहिल्या रात्री बहुधा जागेच असते. सभोवती सारे अनोळखी. त्याने चारचौघांत मिसळावे, नीट बोलावे, शिस्तीने राहावे याची आपणा मोठ्यांना पहिल्या आठवड्यातच घाई झालेली असते. साने गुरुजींच्या चरित्रात मात्र क्रम उलटा आहे. मुलाला अगोदर निर्धास्त वाटू द्यायचे, मिसळण्याचे नंतर. ११ जून हा गुरुजींचा स्मृतिदिन. त्यानिमित्त त्यांच्या जीवनाचा हा भाग वाचकांपुढे ठेवीत आहोत.

पांडुरंग सदाशिव साने यांचा जन्म २४ डिसेंबर १८९९ रोजी रत्नागिरी जिल्ह्याच्या दापोली तालुक्यातील पालगड येथे झाला. (आपली पाली वेगळी, हे पालगड वेगळे, नामसाम्यामुळे पुष्कळांचा घोटाळा होतो.) घराणे खोताचे, पण वैभव ओसरलेले. पांडुरंग हा लाजराबुजरा, एकटा राहणारा मुलगा. दापोलीला मिशनच्या शाळेत तो शिकला तेव्हा आत्याकडे राहत असे. पुढे औंध संस्थानात व नंतर पुण्यात शिक्षणासाठी गेला, तो गरिबीशी झगडतच. १९१७ साली आई यशोदाबाई वारल्या तेव्हाही तो दूरच होता. घराबाहेर, परक्यांत वाढणे म्हणजे काय हे या माणसाला कोणी शिकवावे लागले नाही.

१९२४ साली ते खानदेशातील अमळनेर येथे शिक्षक झाले. ही शाळा पुढे प्रताप हायस्कूल म्हणून प्रसिद्धीस आली. शाळेच्या छात्रालयाची जबाबदारी त्यांच्याकडे आली आणि येथेच त्यांच्यातील खरा शिक्षक प्रकट झाला. मुले शाळेत गेली की ते त्यांच्या खोल्या झाडीत, अस्ताव्यस्त अंथरुणे घडी करून ठेवीत, मळलेले कपडे धुऊन टाकीत. कोणी आजारी पडला तर उशाशी बसत. यासंबंधी ते मुलांना व्याख्यान देत नसत. आपली खोली कोणी आवरली हे कळल्यावर मुलगा दुसऱ्या दिवशी स्वतःच केरसुणी हाती घेई. छडीच्या धाकाने जे झाले नसते ते असे संकोचातून होऊ लागले.

आणखी एक गोष्ट त्यांनी केली, तिच्याकडे आपल्या वसतिगृह चालविणाऱ्यांनी मुद्दाम लक्ष द्यावे. ‘छात्रालय दैनिक’ नावाचे हस्तलिखित दैनिक ते काढीत. रात्री जागून लिहायचे व सकाळी मुलांना वाचायला ठेवायचे, असा परिपाठ. गाव सोडून आलेल्या पोराला आपल्या खोलीपलीकडेही एक कुटुंब आहे, त्याच्या वार्ता आहेत, त्यात आपलीही जागा आहे, असे वाटण्यास याहून स्वस्त साधन सापडणे कठीण! १९२८ साली त्यांनी ‘विद्यार्थी’ हे मासिकही सुरू केले.

ही सेवा सहा वर्षांची. १९३० साली नोकरी सोडून ते मिठाच्या सत्याग्रहात उतरले. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबांची गीतेवरील प्रवचने त्यांनी लिहून घेतली. १९३३ च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ अवघ्या पाच दिवसांत लिहून झाली. त्यात भित्रा श्याम विहिरीवर पोहायला जात नाही म्हणून आई त्याला शिपटीने झोडून घराबाहेर काढते, आणि मागाहून त्याच्या पाठीवरचे वळ पाहून तिचेच डोळे भरून येतात. हा प्रसंग आजच्या पालकांनी जपून वाचावा. मार हा त्यातला धडा नव्हे. भीती एकट्याने जिंकता येत नाही, मागे कोणीतरी आपले उभे असावे लागते, असे आम्हांस त्यातून दिसते. आणि अमळनेरला गुरुजींनी आईचे वळ नाही, तिचे डोळेच उचलले.

१९४७ च्या मे महिन्यात पंढरपूरचे विठ्ठलमंदिर हरिजनांना खुले व्हावे म्हणून त्यांनी उपोषण केले व मंदिर खुले झाले. निरनिराळ्या प्रांतांतील मुलांनी एकमेकांच्या भाषा शिकून जवळ यावे, ही ‘आंतरभारती’ची कल्पनाही त्यांचीच. १५ ऑगस्ट १९४८ रोजी त्यांनी ‘साधना’ साप्ताहिक सुरू केले. परंतु गांधीजींच्या हत्येनंतर त्यांचे मन खचत गेले होते. ११ जून १९५० रोजी मुंबईत त्यांनी स्वतःच आपली जीवनयात्रा संपविली. त्यावर निवाडा देण्याचा अधिकार आपणांस नाही. मात्र शेकडो मुलांना धीर देणाऱ्यालाही धीराची गरज असते, हे शिक्षकांच्या व अधीक्षकांच्या सहकाऱ्यांनी ध्यानात घ्यावे. घरातील किशोरवयीन मूल निराशेचे बोलू लागले तर ते हसण्यावारी नेऊ नये.

एका थोर मनाच्या माणसावर सारे छात्रालय विसंबून राहावे, ही व्यवस्था मात्र आज पुरेशी मानता येणार नाही. सर्वच अधीक्षक गुरुजी नसतात. म्हणून २०१२ चा पोक्सो कायदा आहे, संकटातील मुलांसाठी १०९८ हा दूरध्वनी क्रमांक आहे. तो प्रत्येक वसतिगृहाच्या भिंतीवर मुलांना वाचता येईल अशा उंचीवर लावलेला असावा, कार्यालयाच्या आतल्या खोलीत नव्हे.

गुरुजींच्या स्मरणार्थ आपल्याच रायगड जिल्ह्यात, माणगाव तालुक्यातील वडघर येथे राष्ट्रीय स्मारक उभे आहे. तेथे मुलांची व तरुणांची शिबिरे भरतात. पालीहून वाकण फाट्यावर मुंबई-गोवा महामार्गाला लागून कोलाड, इंदापूर, माणगाव असे दक्षिणेकडे जावे लागते. धर्मग्रामातील मुलांना दिवाळीच्या सुटीत तेथे नेण्याचा विचार पालकांनी व युवक मंडळांनी अवश्य करावा.