‘मनोरंजन’कार काशिनाथ रघुनाथ मित्र

‘मित्र’ हे आडनाव वाचून हे गृहस्थ बंगाली असावेत, असे अनेकांस वाटते. वस्तुतः ते आजगावकर. १८७१ साली जन्मलेल्या काशिनाथ रघुनाथांनी बंगाली भाषा आत्मसात केली आणि तिच्या प्रेमापोटी हे नाव धारण केले. १८९५ साली त्यांनी ‘मनोरंजन’ मासिक काढले. क्रमशः येणाऱ्या लांबलचक कथांना सरावलेल्या वाचकांपुढे त्यांनी एकाच अंकात पुरी होणारी ‘संपूर्ण गोष्ट’ ठेवली, वि. सी. गुर्जरांसारखे कथाकार तेथेच नावारूपास आले. बालकवी व गोविंदाग्रज यांच्या कवितांनाही त्यांनी मानाचे स्थान दिले. १९०९ साली त्यांनी दिवाळी अंक प्रसिद्ध केला आणि फराळाच्या ताटाशेजारी वाङ्मयाचेही पान मांडण्याची प्रथा पडली. १९२० साली, पन्नाशीही न गाठता, ते निवर्तले. मासिक मात्र पुढेही काही वर्षे चालले.

आम्हां परप्रांतस्थ मराठी जनांस हे चरित्र विशेष जवळचे वाटते. परभाषेवर जीव जडूनही मायबोलीची सेवा करता येते, हे मित्रांनी दाखविले. मुलांच्या तोंडी परप्रांताची भाषा आली म्हणून आम्ही खंतावतो. त्यांच्या हाती दिवाळी अंक पडतो की नाही, ही चिंता अधिक खरी होय.