रेझांग ला आणि मेजर शैतानसिंग



ह्या वेळी आम्ही ज्यांची ओळख करून देत आहोत त्यांचे नाव ऐकून आपल्या मुलांना आधी हसू येईल. मराठीत 'सैतान' ही शिवीच, पण राजस्थानात शैतानसिंग हे नाव आवडीने ठेवतात. गंमत इथेच संपते.

शैतानसिंग भाटी यांचा जन्म १ डिसेंबर १९२४ रोजी जोधपूर संस्थानात झाला. वडील हेमसिंग लेफ्टनंट कर्नल होते, पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये लढलेले. मुलगा १९४७ साली जोधपूरच्या जसवंत कॉलेजातून पदवीधर झाला, संस्थानाच्या फौजेत गेला आणि विलीनीकरणानंतर कुमाऊँ रेजिमेंटमध्ये आला. १९६१ च्या गोवा मुक्तीच्या कारवाईतही ते होते, हे आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असते. जून १९६२ मध्ये ते मेजर झाले.

त्यानंतर पाचच महिन्यांत ते लडाखमध्ये रेझांग ला इथे उभे होते. 'ला' म्हणजे तिबेटी भाषेत खिंड. ही खिंड १६ हजार फुटांहून उंच आहे. ती पडली तर चुशूलचे खोरे आणि तिथली धावपट्टी धोक्यात येणार होती. ऑक्टोबरमध्येच ह्या धावपट्टीवर विमानांनी रणगाडे उतरवले होते. खिंड राखायला १३ कुमाऊँची 'चार्ली' कंपनी होती, म्हणजे सुमारे १२० जवान. बहुतेक सगळे हरियाणातले अहिर, सपाट आणि उष्ण प्रदेशात वाढलेले. हाती जुन्या थ्री-नॉट-थ्री रायफली, अंगावर अपुरे गरम कपडे. त्यातही मोठी अडचण अशी की मधल्या डोंगरामुळे आपल्या तोफांचा मारा खिंडीपर्यंत पोहोचतच नव्हता. ह्या जागेवर तोफांशिवाय माणसे का ठेवावी लागली, हा प्रश्न आम्हाला आजही अस्वस्थ करतो.

१८ नोव्हेंबर १९६२ च्या पहाटे चिनी सैन्य चालून आले. समोरून आलेले पहिले हल्ले जवानांनी परतवले. मग तोफगोळ्यांचा वर्षाव झाला आणि पाठीमागूनही हल्ला आला. मेजर एका मोर्चावरून दुसऱ्या मोर्चावर उघड्यावरून फिरत राहिले. आधी हाताला गोळ्या लागल्या, मग पोटात. जवान त्यांना उचलून नेऊ लागले, तेव्हा स्वतःला तिथेच सोडून जाण्याचा त्यांनी हुकूम केला. अडतिसावा वाढदिवस १३ दिवसांवर होता.

कंपनीतले ११० हून अधिक जवान कामी आले. जे मोजके परतले त्यांच्या सांगण्यावर सुरुवातीला अनेकांचा विश्वास बसेना. फेब्रुवारी १९६३ मध्ये शोधपथक वर गेले, तेव्हा बर्फात गोठलेले देह मोर्चातच सापडले, कित्येकांच्या हातात शस्त्रे तशीच. मेजरसाहेबांचा देह एका खडकाशी होता. जोधपूरला लष्करी इतमामात अंत्यसंस्कार झाले.

त्यांना मरणोत्तर परमवीरचक्र मिळाले. जाता जाता सांगायचे म्हणजे ह्या पदकाची रचना सावित्रीबाई खानोलकर यांची. स्वित्झर्लंडमध्ये जन्मून मराठी घरात सून म्हणून आलेल्या ह्या बाईंवर पुढे कधीतरी लिहूच.

चुशूलला ह्या जवानांचे स्मारक आहे. २०२१ मध्ये त्याचे नूतनीकरण झाले. त्याच्या आदल्याच वर्षी, ऑगस्ट २०२० च्या अखेरीस, ह्याच डोंगररांगेवर दोन्ही सैन्ये पुन्हा समोरासमोर आली होती आणि फेब्रुवारी २०२१ पर्यंत, भर थंडीत, तिथेच उभी होती.