विखुरलेल्या आकड्यांतून सत्य शोधणारे हुजूरबाजार

वाराणसी : काशी हिंदू विश्वविद्यालयात गणित विभागाची धुरा वाहणारे प्रा. विष्णू वासुदेव नारळीकर यांच्या पत्नी सुमतीबाई या कोल्हापूरच्या हुजूरबाजार घराण्यातील. वाराणसीतील या घरात मोरूमामा फळ्यावर गणिती कोडी लिहून बालवयातील जयंत नारळीकरांना आव्हान देत. जयंतरावांचे दुसरे मामा, वसंत शंकर हुजूरबाजार, यांनी संख्याशास्त्राच्या क्षेत्रात जागतिक कीर्ती मिळवली.

१९१९ मध्ये जन्मलेल्या हुजूरबाजार यांनी केंब्रिज येथे हॅरॉल्ड जेफ्रीज यांच्या मार्गदर्शनाखाली संशोधन केले. भूकंपलहरींच्या प्रवासकाळाची प्रसिद्ध कोष्टके जेफ्रीज व बुलन यांनी जगभरच्या वेधशाळांतील नोंदी एकत्र करून सिद्ध केली होती. सर्व नोंदी सारख्याच विश्वासार्ह नसतात, ही जाणीव त्या कामाच्या मुळाशी होती.

आज वैद्यकशास्त्रात रूढ असलेल्या ‘मेटा-अॅनालिसिस’चा, म्हणजे अनेक अभ्यासांच्या निष्कर्षांच्या एकत्रित विश्लेषणाचा, पायाही हाच आहे. एक काल्पनिक उदाहरण पाहू. एका औषधाने रक्तदाब १० एककांनी घटल्याचे एक अभ्यास सांगतो व त्याची प्रमाणत्रुटी ४ आहे. दुसरा ५ एकके सांगतो व त्याची प्रमाणत्रुटी २ आहे. साधी सरासरी ७.५ येते. परंतु त्रुटीच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात वजन दिल्यास दुसऱ्या अभ्यासाला चौपट महत्त्व मिळते आणि उत्तर ६ येते. एकत्रित त्रुटीही सुमारे १.८ इतकी, म्हणजे दोन्हींपेक्षा कमी होते.

मूळ माहितीचा सारा आशय मोजक्या आकड्यांत केव्हा सामावतो, हा हुजूरबाजार यांच्या चिंतनाचा विषय होता. ‘मॅक्झिमम लाइकलिहूड’ या पद्धतीने मिळणारे उत्तर, माहिती वाढत जाईल तसे, खऱ्या मूल्याकडे नेणारे एकमेव उत्तर कोणत्या अटींवर ठरते, हे त्यांनी १९४८ मध्ये दाखवून दिले. १९६० मध्ये त्यांना केंब्रिजचे अॅडम्स पारितोषिक मिळाले.

१९५३ मध्ये पुणे विद्यापीठात त्यांनी संख्याशास्त्र विभागाची स्थापना केली आणि १९७६ पर्यंत त्याचे नेतृत्व केले. १९७४ मध्ये ते पद्मभूषण किताबाचे मानकरी ठरले. त्यांनी पुणे विद्यापीठ सोडले त्याच वर्षी अमेरिकेत जीन ग्लास यांनी ‘मेटा-अॅनालिसिस’ हा शब्द रूढ केला. अशा विश्लेषणाची कल्पना मात्र जुनी होती. कार्ल पिअर्सन यांनी १९०४ मध्येच विषमज्वराच्या लशीविषयीची लष्करी आकडेवारी एकत्रित तपासली होती.

हुजूरबाजार यांचे १९९१ मध्ये निधन झाले. प्रतिकूल निष्कर्ष अप्रसिद्धच राहिले, अथवा मुळात भिन्न असलेले अभ्यास डोळे झाकून एकत्र केले, तर अचूक गणितही रुग्णाला चुकीच्या उपचाराकडे नेऊ शकते. म्हणूनच सूत्र वापरण्यापूर्वी त्यामागील अटी तपासण्याची जी शिस्त त्यांच्या संशोधनात दिसते, ती आज अधिक निकडीची ठरते.