आल्फाँस पेनो

आल्फाँस पेनो याचा जन्म १८५० सालीं पॅरिस येथें एका नौसेनापतीच्या घरीं झाला. परंतु कंबरेच्या सांध्याच्या विकारामुळें त्यास आरमारांत जातां आलें नाहीं. त्यानें आकाशाचा ध्यास घेतला. रबराचा पीळ उलगडतांना पंखा फिरावा व शेपटीनें तोल सांवरावा, असें चिमुकलें विमान त्यानें रचिलें. १८७१ च्या ऑगस्टांत तें तुइलरी उद्यानांत ११ सेकंदांत सुमारें ४० मीटर उडालें. पुढें मनुष्यवाहक विमानाचा आराखडा त्यानें केला. पण द्रव्य मिळेना. निराश होऊन १८८० सालीं, अवघा ३० वर्षांचा असतां, त्यानें प्राणत्याग केला. त्याच्याच धर्तीचें रबरी खेळणें बिशप मिल्टन राइट यांनीं आपल्या दोघां मुलांस १८७८ सालीं दिलें होतें. ते विल्बर व ऑर्व्हिल १९०३ सालीं खरोखर उडाले. मुलांनो, पेरणारा पीक पाहतोच असें नाहीं. म्हणून बीं व्यर्थ जात नाहीं.